दिव्यांचा अर्थ

माझा कुणावरही विश्वास नाही, आणि या सावधपणाचा मला आजवर एकदाही फायदा झालेला नाही. डॉक्टरांनी नाडी धरली की मीही मनातल्या मनात ठोके मोजतो. शाळेत मी मराठीचा गुरुजी. दर सोमवारी पोरांची नखं तपासतो, तेव्हा एकच पोरगा दोनदा तर हात पुढे करत नाही ना, हेही बघतो.

अशा माणसाच्या हाती पाचोडच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, आपल्या जुन्या पिकअपची किल्ली दिली. ही किल्ली त्यांनी सख्ख्या मुलालाही कधी दिली नव्हती! संध्याकाळी मोसंबी भरून निघालं की समोरच्या ट्रकवाल्याला गाडीची उंची कळत नसे, म्हणून टपावर पाच पिवळे दिवे बसवायचे होते.

"जावईबापू, शहरात चांगला मिस्त्री बघा," मामा म्हणाले. "पण ध्यान ठिवा. आजपस्तोर गाडीचा एक नट बदलेला नाय. सांजच्याला यष्टीनं येतो न् घेऊन जातो. उद्या माल भरायचाय."

लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हा कुठे मामांनी माझ्यावर भरवसा टाकला होता. छाती फुगली आणि लगेच शंकेनं डोकं वर काढलं. मिस्त्री लोक जुन्या गाडीतला अस्सल माल काढून भंगार बसवतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. (कुणी सांगितलं? कुणीच नाही. म्हणून तर विश्वास बसला!) मी बायकोची गुलाबी नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली आणि बॅटरी, हॉर्न, वायपर, स्टेपनी, दिसेल त्या वस्तूला खुणेचा ठिपका लावला. आता बदला म्हणावं!

शहरात रोशन गेटजवळ रऊफभाईंचं गॅरेज आहे, तिथे गाडी नेली. "बैठो गुरुजी, चाय पियो," ते म्हणाले. चहा! म्हणजे माझं लक्ष उडवायचा बेत! मी कप तोंडाला लावला, पण डोळे गाडीवरच ठेवले.

त्यांनी टपाला भोकं पाडली, वायरी ओढल्या. मग काचपेपर घेतला आणि पाच जागी टपाचा चांगला रंग घासून काढला. आतला पत्रा उघडा पडला!

"अहो, हे कशासाठी?" मी ओरडलो.

"अर्थ के वास्ते, गुरुजी."

अर्थासाठी! म्हणजे पैशासाठी! चोर तोंडानं कबूल करत होता! आज पत्रा उघडा ठेवायचा, उद्या तो गंजला की गाडी पुन्हा यांच्याच दारात. रऊफभाईंनी पाचही दिवे जागेवर नुसते टेकवले आणि ते जेवायला गेले. मी स्टुलावर चढलो, एकेक दिवा उचलला, उघड्या पत्र्यावर नेलपॉलिशचे तीन-तीन थर दिले, फुंकर घालून वाळवले आणि दिवे होते तसे ठेवून दिले. बाटली संपली, पण मामांचा पत्रा वाचला.

रऊफभाईंनी परत येऊन स्क्रू आवळले. बटण दाबलं. एकही दिवा लागेना! त्यांनी फ्यूज बघितला, बल्ब बदलले, वायरी तपासल्या. तासभर खपले. मला राहवेना.

"नवे दिवे खोक्यात ठेवून कुणाचे तरी जुने बसवलेत ना?"

रऊफभाईंचा हात थांबला. "गुरुजी, पच्चीस साल से इधरीच बैठा हूँ. चोर किसीने नै बोला मेरेकू."

तेवढ्यात मामा आले. "दिवे कामून लागंनात?"

"मामा," मी हळूच (म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं) म्हणालो, "फसवलं आपल्याला!"

रऊफभाईंनी पहिला दिवा खोलला, खाली नखानं खरवडलं आणि वास घेतला. "ये गुलाबी क्या है? बॅटरी का करंट पत्रे में से वापस जाता, उसकूच अर्थ बोलते. मैं पत्रा घिसा, ऊपर से ये किसने पोता?"

बारा वर्षं मी पोरांना शब्दांचे अर्थ सांगतोय. विज्ञानाचा तास शिंदेबाई घेतात.

मामा माझ्या हाताकडे बघत होते. अंगठा गुलाबी, शेजारचं बोटही गुलाबी.

"जावईबापू," ते म्हणाले, "लई दिवे लावले तुम्ही!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका सरळ माणसाला मी भर गल्लीत चोर ठरवलं होतं. हात जोडून माफी मागितली, तर जोडलेल्या हातांतही तो गुलाबी अंगठाच उठून दिसत होता. रऊफभाई म्हणाले, "छोडो गुरुजी. चाय पियो." या खेपेला मी खाली मान घालून चहा प्यायलो. त्यांनी पाचही जागा पुन्हा घासल्या, झटक्यात पाचही दिवे लागले आणि मामा गाडी घेऊन पाचोडला गेले.

परवा पाचोडला गेलो होतो. चार मोसंब्या आणाव्यात म्हणून मामांकडे पिकअपची किल्ली मागितली. मामांनी ती मुठीत धरून ठेवली.

"आधी नखं दाखवा, जावईबापू."

आणि दर सोमवारी साठ पोरांची नखं तपासणाऱ्या या गुरुजीनं अंगणात उभं राहून दोन्ही हात पुढे केले.