वरची पापणी

डोळ्यात काही गेलं म्हणून डोळा झाकून कोणी दारात आलं, की खाला आधी त्याच्या डोळ्याकडे बघायचीच नाही. हात बघायची. बोटांना सुताचे तंतू चिकटलेले असले तर मागावरचा माणूस. नखांत भुसकट असलं तर मंगळवेढ्याकडून ज्वारी मळून आलेला. हाताला वंगण दिसलं, की विचारायची, "लोखंड ठोकत होतास का?" हो म्हणाला, की ती मागे सरायची. "नक्को बाबा, इसको मैं हात नै लगाती. चोळू नको. टांगा कर आणि मोठ्या दवाखान्यात जा."

सत्तरच्या दशकात शुक्रवार पेठेत तिच्या आणि माझ्या खोलीमध्ये एकच भिंत होती. मी शाळेत नवी मास्तरीण, ती गोधड्या शिवणारी एकटी बाई. सगळी गल्ली तिला खालाच म्हणायची, म्हणजे मावशी.

तिचा क्रम ठरलेला होता. हात धुवायचे. खालची पापणी ओढून बघायची. मग वरच्या पापणीवर काडेपेटीतली काडी आडवी धरायची, पापण्यांचे केस चिमटीत घ्यायचे आणि पापणी उलटी करायची. कण दिसला, की उकळलेल्या मलमलीच्या ओल्या टोकानं टिपायचा. बुबुळात रुतलेलं काहीही असलं तर हात लावायचा नाही. मला वह्यांत क्रम लिहून ठेवायची सवय. मी हाही लिहून घेतला. खाला हसली. "लिखके क्या होता, मास्तरीण? लोक वरच्या पापणीलाच कचरतात. समोरचं रडतं, की यांचा हात ढिला पडतो. रडू द्यायचं."

एका सुगीत ती पडवीत ज्वारी पाखडत होती. दुपारी माझ्या दारात आली, उजवा डोळा लाल, गालावर पाणी. "बघ गं. आपलाच डोळा आपल्याला उलटता येत न्हाय."

मी हात धुतले. खालची पापणी बघितली. काही नव्हतं. वरच्या पापणीला बोट लावलं आणि ती कळवळली. एवढ्या लोकांना गप्प बसवणारी खाला कळवळली, आणि माझ्या हातातली काडी खाली पडली.

"काही नाही, खाला. निघून गेलं असेल."

तिनं खाली पडलेली काडी चाचपून उचलली आणि माझ्या हातात दिली. "बरं," म्हणाली आणि गेली.

तीन दिवस ती पदर डोळ्याला लावून बसली. मी विचारलं की म्हणायची, "कमी हाय आता." चौथ्या दिवशी मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वरची पापणी उलटली. आत ज्वारीचं फोलपट चिकटलं होतं. प्रत्येक उघडझापीला ते बुबुळ खरवडत होतं. जखम चिघळली होती. पुढे बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि तो डोळा गेला.

दुसरा आधीच अधू होता. त्यानंतर शाळेत जाण्याआधी मी तिला सुया ओवून द्यायची. ती दोऱ्याला गाठ मारायची, मी घड्याळाकडे बघायची.

वर्षभरानं गल्लीतली एक सून डोळा चोळत आली. खालानं सवयीनं हात बघितले, डोळ्यांजवळ धरून. मग मला हाक मारली. "तू कर." मी खालची पापणी बघितली. वरची उलटायला घेतली तशी पोरगी ओरडली.

"सोडू नको," खाला मागून म्हणाली. "रडू दे तिला."

मी कण टिपला. ती सून गेल्यावर खालानं माझा हात चाचपून हातात घेतला. "उस दिन कितना काँपता था. मला कळलं होतं गं, वरची राहिली. वाटलं, घाबरलीय पोर, कशाला अजून त्रास द्यायचा."

त्याच महिन्यात तिची भाची तिला जेऊरला घेऊन गेली. परत आली ती तिच्या मरणाची बातमीच.

मी निवृत्तीला आले, तरी शाळेत अजूनही मुली डोळा धरून माझ्याकडे येतात. आधी हात बघते. माझे धुते. वरची पापणी उलटताना त्या "बाई, दुखतंय" म्हणतात. मी थांबत नाही. मुलगी वर्गात परत गेली, की मग दार लोटून मी रडून घेते.