दहाव्याची बाटली

थोरला भाऊ इटलीच्या लढाईत मेला. बातमी उशिरा आली, तेव्हापासून दिवस धरून सांगलीजवळ, घरामागच्या कृष्णाकाठी त्याचा दहावा घातला, पण पिंडाला कावळा शिवेना. काही इच्छा राहिली असेल म्हणून वडिलांनी बहिणीच्या लग्नाचा शब्द दिला, तरी नाही.

मग रजेवर आलेला त्याचा पलटणीतला दोस्त उठला. भावानं तिकडं घेतलेली फेसाळ वाइनची बाटली त्यानंच आणली होती.

"आईला चव दावायची, म्हनायचा," असं सांगून त्यानं बूच सैल केलं.

बंदुकीसारखा बार झाला. झाडावरचे सगळे कावळे उडाले, परत एकही मेला फिरकला नाही. शेवटी दर्भाचाच कावळा शिववला.

घरी आईनं ती वाइन तीर्थासारखी तळहातावर घेतली. बुडबुडे विझेपर्यंत बघितलं, मग चाखली.

"आंबट हाय," ती म्हणाली. "त्येला आंबट लय आवडायचं."