मुल्लाजींच्या हातचं

अल्लीपुरात कोणाच्याही घरी बोकड कापायचं ठरलं, की पहिला निरोप बुऱ्हानमियाँकडे, म्हणजे गावाच्या मुल्लाजींकडे जायचा. घर कुणब्याचं असो की तेल्याचं, मानेवर सुरी फिरायची ती मुल्लाजींच्याच हातून. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांच्या हातून फिरायची. परगावचा पाहुणा जेवायला बसला आणि रश्श्याची वाटी पुढं आली, की तो विचारायचा, "मुल्लाजीच्या हातचं हाय न?" घरधनी हो म्हणाला, की मगच पहिला घास तोंडात जायचा. गंमत अशी, की याच घरांत मुल्लाजींची कपबशी वेगळी असायची, ओसरीच्या कोनाड्यात पालथी घातलेली. चहापुरता त्यांचा हात बाहेरचा आणि बोकडापुरता घरचा. यात काही चुकतंय असं गावाला कधी वाटलं नाही. बुऱ्हानमियाँना वाटत असेलही, पण ते बोलणाऱ्यांतले नव्हते. चहा प्यायचे, कपबशी स्वतः धुऊन पालथी घालायचे आणि निघायचे.

पोटासाठी ते गाद्या-रजया भरायचे. अंगणात कापूस पिंजताना त्यांच्या दाढीवर, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. पत्र्याच्या छपराच्या छोट्या मशिदीत बांगही तेच द्यायचे. तेव्हा तिथं भोंगा नव्हता आणि त्यांच्या आवाजाला त्याची गरजही नव्हती. पहाटेची बांग झाली, की मशिदीमागच्या रुख्माबाई उठून चूल पेटवायच्या. घड्याळ घेऊन काय करायचं, मुल्लाजी हायेत न, असं त्या म्हणायच्या.

त्यांचं खाणं साधं होतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण. घास लहान घ्यायचे आणि बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरची बोरं खाली पडलेली दिसली तरी विचारल्याशिवाय उचलायचे नाहीत. बायको जैतूनबी चिडवायची, "अजी, बोर पे भी मालिक का नाम लिखा रहता क्या?" ते म्हणायचे, की नाव लिहिलेलं नसतं म्हणूनच विचारावं लागतं. जे पोटात जातं त्यावरच नमाजीला उभं राहायचं असतं. ते शंकेचं असेल तर नमाजही शंकेची, एवढं एकच शास्त्र त्यांना वडिलांकडून मिळालं होतं.

सुरीचे नियमही वडिलांचेच. जनावराला आधी पाणी पाजायचं. त्याच्या डोळ्यांसमोर सुरीला धार लावायची नाही. तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला करायचं. नवस कोणाचाही असो, सुरीवर नाव एका अल्लाचंच. आणि शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सुरी लागताना जनावर जिवंत असलं पाहिजे. शंका असेल तर बघायचं, त्यानं पाय झाडले का, रक्त जोरानं उडालं का. दोन्ही नसेल तर ते मुर्दार. ते कोणाला खाऊ घालायचं नाही.

शहात्तर साली पुंडलिकराव पाटलांची रंभा मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली. पोरगी अकरा वर्षांची. एकवीस दिवस ताप उतरला नाही. तिची आई चतुराबाई, हिनं गिरडच्या टेकडीवरच्या शेख फरीदबाबाला बोकड बोलला. ताप उतरला, पोर हिंडूफिरू लागली आणि दिवाळीनंतर बंड्या जुंपल्या. गिरडला गावोगावचे नवस येतात. त्यातल्या अनेकांसोबत आपापल्या गावचा मुल्ला असतो. चतुराबाईंनी बुऱ्हानमियाँना आणि जैतूनबींना सोबत घेतलं.

नवसाच्या बोकडाचे त्या घरात काय लाड! गळ्यात घुंगरू, शिंगांना हळद. निघायच्या आदल्या दिवशी चतुराबाईंनी त्याच्यापुढं ज्वारीचं टोपलंच ठेवलं. ज्यानं लेकीचा जीव सोडवला त्याला हात आखडून काय घालायचं? बोकडानं टोपलं रिकामं केलं आणि वर बादलीभर पाणी प्यालं. मग दोन मुक्कामांची वाट, बंडीचे हिसके. तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडी चढताना तो पायाखालच्या सुपारीएवढ्या गोट्यांवर दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा बसला तो उठलाच नाही. माणसांनी उचलून वर नेलं.

वर गर्दी होती. साठेक पाहुणे आधीच येऊन बसले होते आणि चुली पेटल्या होत्या. पुंडलिकराव घाई करत होते, "आटपा मुल्लाजी, बोकड थकला हाय." बुऱ्हानमियाँनी पाणी तोंडाशी धरलं. पाणी ओठांवरून खाली गळलं. त्यांनी तोंड किब्ल्याकडे केलं, बिस्मिल्ला अल्लाहु अकबर म्हटलं आणि सुरी फिरवली.

पाय हलले नाहीत. रक्त आलं, पण संथ, काळपट, उडालं नाही.

त्यांनी मान वर केली. समोर चतुराबाई उभ्या होत्या, वाटभर अनवाणी चाललेल्या, पदरात रंभाचा हात घट्ट धरून. त्यांचे डोळे भरून आले होते. "झालं न, मुल्लाजी?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणी काय बोलायचं ते बुऱ्हानमियाँना स्वच्छ माहीत होतं. हे खाता येणार नाही, दुसरं जनावर आणा, एवढंच. पण नवस बिघडला हे ऐकून ही बाई पोरीच्या जिवाची धास्ती घेईल, असं त्यांना वाटलं. हे एक कारण. दुसरं त्यांनी पुढं स्वतःशीच कबूल केलं: साठ माणसांसमोर मुल्लाजीच्या हातून मुर्दार झालं हे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. दोन पिढ्यांचं नाव होतं.

"झालं," ते म्हणाले.

साठ माणसं जेवली. जैतूनबी जेवली. बुऱ्हानमियाँनी पोट बरं नाही म्हणून फुटाणे खाल्ले. सुरी फिरवणाऱ्याच्या वाट्याचं काळीजही त्यांनी घेतलं नाही. खाली उतरताना बायकोनं विचारलं, "क्या हुआ जी तुमकू?" त्यांनी पुन्हा पोटाचंच कारण सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांनी मटण सोडलं. गावात बोकड पूर्वीसारखेच कापून द्यायचे, प्रत्येक वेळी पाय हलताना, रक्त उडताना डोळे फाडून पाहायचे, आणि वाट्याला आलेलं घरी आणून जैतूनबीपुढं ठेवायचे. स्वतः वरण-भाकर. बकरी ईदलासुद्धा. लोकांनी आपापली कारणं लावली. कोणी म्हणे वैद्यानं पथ्य सांगितलं, कोणी म्हणे पवनारच्या आश्रमाचा वारा लागला. ते हसून घ्यायचे. पण नमाजीनंतर दुवेला हात उचलले, की त्यांना ते साठ पाहुणे ओळीनं जेवताना दिसायचे. स्वतःसाठी माफी मागता येत होती. त्या साठांचं काय, ते कळत नव्हतं.

अशी आठ वर्षं गेली. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला. दुसराही धुरकटला.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत एका दुपारी ते रजईला टाके घालत होते, बहुतेक बोटांच्या अंदाजानं. दारात चतुराबाई आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. रंभाला मुलगा झाला होता. बाळंतपण अडलं होतं, नर्सबाईनं आशा सोडली होती, आणि तेव्हा चतुराबाईंनी पुन्हा बाबाला बोकड बोलला होता.

"दोघं बी सुखरूप हायेत, मुल्लाजी," त्या म्हणाल्या. "आता गिरडले जायचं. मांगच्या टायमाले तुमच्या हातानं झालं आन पोर राह्यली. तुमचा हात लय गुणाचा हाय."

सुई बुऱ्हानमियाँच्या बोटात गेली. आठ वर्षं कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या गिळल्या असत्या. ही शाबासकी काही गिळता येईना.

"बसा, बाई," ते म्हणाले. "मले सांगायचं हाय."

आणि त्यांनी सांगितलं. "तो बोकड सुरी लागायच्या आंधी मेला व्हता का जित्ता व्हता, मले मालूम नाई. पाय हालले नाईत. रगत उडालं नाई. तुमी इचारलं अन् मी झालं म्हणलो. तुमाले, साऱ्या लोकाइले मी शंकेचं खाऊ घातलं. माहा हात गुणाचा नाई."

चतुराबाई उठल्या, पेढ्यांचा पुडा तसाच ठेवून निघून गेल्या.

आतल्या दाराशी जैतूनबी उभी होती. "इसलिए नहीं खाते थे तुम," ती म्हणाली. "और मेरेकू खाने दिये? मेरेकू भी नहीं बोले?"

जैतूनबीनं चार दिवस नवऱ्याशी अबोला धरला, भाकर मात्र वेळेवर वाढली. बुऱ्हानमियाँ बांग देत राहिले, नमाज पढत राहिले. आता सारं गाव थुंकेल, या विचारानं झोप उडाली होती. तरी सिजद्यात कपाळ टेकलं, की आठ वर्षांत पहिल्यांदा ते टेकल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या दिवशी अंगणात घुंगरं वाजली. चतुराबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात दोन दोऱ्या आणि दोन बोकड.

"एक त्या सालचा," त्या म्हणाल्या, "आन एक या सालचा. उद्या सकाळच्या यष्टीनं निघू."

बुऱ्हानमियाँनी दोन्ही दोऱ्या चाचपल्या. "पाटील काय म्हणाले?"

"लय बोंबलले. आपुन काय मुसलमान हावो का म्हणे, आपल्याले काय फरक पडते? मी म्हणलं, मंग इतके वर्सं पाव्हन्याइले कोन्या तोंडानं सांगत व्हते, मुल्लाजीच्या हातचं हाय म्हणून?" त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. आवाज खाली आला. "आन मुल्लाजी, त्या बोकडाले तुमी नाई मारलं. मी मारलं. टोपलंभर जवारी चारली लाडापायी. वाटेनं त्याचं पोट टच्च फुगलं व्हतं. मले दिसत व्हतं. नवस मोडन म्हणून मी बी कोनाले बोलली नाई."

मग बुऱ्हानमियाँ म्हणाले, "पर आता माह्या डोयाइले दिसत नाई, बाई. गिरडले दुसरा मुल्ला भेटन. आंधयानं कापलेलं चालते, पर बरं नाई समजत."

"तुमच्या हातानं अडलं, तुमच्याच हातानं सुटू द्या," चतुराबाई म्हणाल्या. "पाय मी धरीन."

यष्टीत कंडक्टरनं दोन्ही बोकडांचं तिकीट फाडलं आणि विचारलं, "यायले खिडकीजवळची सीट पायजे का?" सगळे हसले, पुंडलिकरावसुद्धा. या वेळी ज्वारी नव्हती. चतुराबाईंनी बोरीच्या पाल्याच्या चार फांद्या सोबत घेतल्या होत्या, आणि त्याही मोजून द्यायच्या.

टेकडीवर बुऱ्हानमियाँनी हातपाय-तोंड धुऊन वजू केला, दोन रकात नमाज पढली. बोकडाला पाणी पाजलं. या वेळी त्याची जीभ तळहाताला लागली. सुरी खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली होती. बाईमाणसानं पाय धरायचे म्हटल्यावर एकदोन पुरुष पाहुणे कुरकुरले. चतुराबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. लुगडं खोचून त्या खाली बसल्या आणि मागचे पाय दोन्ही हातांनी धरले.

बुऱ्हानमियाँनी अल्लाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. त्यांना समोर फक्त लालसर धूर दिसला. ते थांबले. श्वास धरून थांबले.

"हाललं, मुल्लाजी," चतुराबाई म्हणाल्या. "दोनी पाय झाडले. माह्या हाताले हिसका बसला. रगत माह्या लुगड्यावर उडालं, पहा."

त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढं करून चाचपलं. लुगड्याचा काठ ओला आणि गरम होता. बुऱ्हानमियाँ तिथंच बसून रडले, लपवायचाही प्रयत्न न करता. मग डोळे पुसून त्यांनी दुसरा बोकड मागितला.

दुपारी पंगत बसली. जैतूनबी पुंडलिकरावांच्या बहिणीसोबत भाकरी वाढत होती. चतुराबाईंनी बुऱ्हानमियाँना पंगतीतच बसवलं, पुंडलिकरावांच्या शेजारी, आणि पाण्याचा गडवा दोघांच्या मध्ये ठेवला. पुंडलिकरावांनी थोडं सरकून जागा केली. त्यांच्या पलीकडे रंभाचे सासरे बसले होते, गिरडला पहिल्यांदाच आलेले. रश्श्याची वाटी पुढं आली तसं त्यांनी सवयीनं विचारलं, "मुल्लाजीच्या हातचं हाय न?"

चतुराबाई वाढता वाढता थांबल्या. "मुल्लाजीच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. "पाय मी धरले व्हते."

बुऱ्हानमियाँनी बिस्मिल्ला म्हटलं आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.