अक्काला द्यायची शिवी

मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. मराठीवाल्या बाईंना कुठलंही काम सांगितलं तरी त्या नाही म्हणत नाहीत, अशी आमच्या स्टाफरूमची समजूत आहे. वार्षिक अंकाचं मुद्रितशोधन, पाहुण्यांची ओळख, सूत्रसंचालन, सगळं माझ्याकडे. त्यामुळे 'यंत्र माणसासारखा विचार करू शकतं का' या विषयावरचं व्याख्यान तोंडावर आलं आणि संगणक विभागाचे सर ऐनवेळी परीक्षेच्या कामासाठी जळगावला निघून गेले, तेव्हा प्राचार्यांची नजर सरळ माझ्यावर आली. तुम्ही काय, कशावरही बोलू शकता, असं ते म्हणाले. ही स्तुती आहे असं मी धरून चालले.

दोन दिवस बसून वाचलं. त्यातली पडद्याची परीक्षा मला फार आवडली. पडद्याआड एकीकडे माणूस बसवायचा, दुसरीकडे यंत्र. बाहेरच्यानं दोघांना लेखी प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून माणूस कोणता ते ओळखायचं. नाही ओळखता आलं, तर यंत्र पास. मी हे इतकं रंगवून सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी राहिली. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही स्वतः करून पाहिलंय का? नाही म्हणायला काही हरकत नव्हती. पण समोर भरलेला हॉल आणि माझी नाही न म्हणायची सवय. मी म्हणाले, प्रयोग चालू आहे, निकाल नंतर सांगते.

आता खोटं बोलले म्हटल्यावर ते निस्तरणं आलं. पडद्याबाहेर बसायला कुणीतरी हवं होतं, आणि आपण परीक्षा घेतोय हे त्या माणसाला ठाऊकच नसेल तर आणखी बरं. मला फार शोधावं लागलं नाही. मोबाईलवर मला दिवसाला वीस-पंचवीस मेसेज पाठवणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी थोरली बहीण.

अक्का शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात राहते. शाळा सातवीपर्यंत. सुनेनं नवा मोबाईल घेतला तेव्हा जुना तिच्याकडे आला, आणि महिनाभरात ती त्यावर अशी टाइप करायला लागली की सूनच घाबरली. सकाळचा पहिला मेसेज ठरलेला: 'काय वं, जेवनी का?' मग नळाला पाणी आलं की नाही, कुणाच्या म्हशीनं कुणाचा ऊस खाल्ला, कोणाची सून कोणाशी बोलत नाही. सगळं अहिराणीत, मधे एक टिंब नाही. माझी उत्तरं 'हो', 'बरं', 'छान', आणि फार घाई असली की नुसता अंगठा. संवादाचं महत्त्व या विषयावर मी दरवर्षी दोन तास घेते, हेही इथे सांगून टाकते.

अक्काची आणखी एक ओळख सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, मातीच्या खापरावर भाजलेल्या पुरणपोळ्या होतात. आणि आमच्या भागातल्या काही गावांत दोन गावच्या बाया नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. ती रीतच आहे. कुणी मनाला लावून घेत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच बाया एकमेकींकडे विरजण मागायला जातात. अक्काचं सासर आमच्या माहेरच्या नाल्यापलीकडेच. लग्नाआधी मी अलीकडच्या काठावर असायचे आणि ती पलीकडच्या. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींच्या आईबापाचा उद्धार करायचो, आईबाप एकच आहेत हे साफ विसरून. सासू घरी गेली की अक्का नाला ओलांडून आमच्या बाजूला यायची आणि स्वतःच्या सासरला शिव्या द्यायची. तिच्या तोंडापुढे दोन्ही गावांत कुणी टिकलं नाही.

तर प्रयोग सुरू झाला. मोबाईलमधल्या त्या बोलक्या यंत्राला मी अक्काचे आणि माझे जुने मेसेज दिले आणि सांगितलं, तू माझ्या जागी बस, धाकट्या बहिणीनं प्रेमानं द्यावीत तशी उत्तरं दे, अहिराणीत. त्याची अहिराणी म्हणजे बातम्यांच्या मराठीला नेसवलेलं लुगडं होतं. मी चार शब्द इकडचे तिकडे करायचे आणि पाठवून द्यायचे. पहिल्या दिवशी अक्कानं विचारलं, जेवनी का? यंत्रानं मी काय जेवले ते बनवून सांगितलं, आणि शेवटी विचारलं, तू काय केलं आज, आणि तुझा गुडघा कसा आहे? गुडघ्याचं कुठून आलं ते मला कळेना. मागे जाऊन पाहिलं तर महिन्यापूर्वी अक्कानं लिहिलं होतं आणि मी त्यावर 'छान' असं उत्तर दिलेलं होतं.

दोन दिवसांत अक्काचे मेसेज लांबले. आधी ओळभर असायचे, आता पानभर यायला लागले. यंत्र दर उत्तराच्या शेवटी काहीतरी विचारायचं आणि अक्का त्याला सविस्तर सांगायची. मी ते वरवर बघायचे आणि पुढे ढकलायचे, कारण माझ्यासमोर उत्तरपत्रिका होत्या. चौथ्या दिवशी शिंदखेड्याच्या एसटीतून बिबड्यांचा डबा आला, ज्वारीच्या पापडांसारख्या, तीळ घातलेल्या, अक्काच्या हातच्या. वर चिठ्ठी होती की तू आजकाल भलती गोड बोलस. बिबड्या यंत्रानं कमावल्या आणि तळून मी खाल्ल्या. खाताना थोडी चरफडलेसुद्धा. इतकी वर्षं माझ्याशी बोलून तिनं कधी डबा पाठवला नव्हता.

आठव्या दिवशी मी निकाल लिहायला बसले. यंत्र पहिल्या श्रेणीत पास. तेवढ्यात भावाचा फोन आला. आमचा भाऊ माहेरच्या घरी असतो. म्हणाला, तू सहा वर्षांनी आखाजीला येतेस हे ऐकून बरं वाटलं, बायकोनं आंबे सांगून ठेवलेत. मी म्हटलं, कोण येतंय? मग मेसेज उघडून पाहिले. अक्कानं विचारलं होतं, आखाजीले येशी का? आणि यंत्रानं माझ्या नावानं लिहून दिलं होतं की नक्की येईन, तुझ्या शेजारी झोक्यावर बसेन. ते मी न वाचता पाठवलं होतं. प्रेमानं उत्तर दे असं मीच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याला बोलायची सोय नव्हती.

मी घाईघाईनं स्वतः मेसेज लिहिला. उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामामुळे या वर्षीही जमेल असं वाटत नाही, गैरसमज नसावा, वगैरे. अगदी सभ्य. अक्काचं उत्तर लगेच आलं.

'तू मनी बहीन शे का मशीन शे? बहीन व्हई तर माले एक शिवी दे.'

माझा तास सुरू व्हायला दोन मिनिटं होती. आठ दिवसांची सवय, हात आपोआप चालला. तिचा मेसेज यंत्राला दिला, आलेलं उत्तर पाठवलं आणि वर्गात गेले. तासानंतर वाचलं. त्यात लिहिलं होतं की अक्का, तुझ्या मनातला राग मी समजू शकते, पण अपशब्द वापरण्याऐवजी आपण शांतपणे बोलू या. आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, मी तुला आणखी काय मदत करू शकते?

त्यानंतर अक्काचा मेसेज आला नाही.

पहिला दिवस मला मजेचा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला बसले आणि मोबाईल सारखा उलटा-सुलटा करून पाहिला. तिसऱ्या दिवशी मला रडू आलं, खरंच आलं, भाकरीचा तुकडा तोंडात असताना. मला घरी विचारणारं आता दुसरं कोणी नाही. मुलं पुण्याला आहेत, नवरा जाऊन चार वर्षं झाली. जेवलीस का हे रोज विचारणारी एक बाई होती, आणि तिला मी प्रयोगाला बसवलं होतं.

तिनं मागितली होती फक्त एक शिवी. ती मला सुचेना. मी लिहून पाहिलं, खोडलं. इतकी वर्षं शुद्ध बोलून तोंड पार धुऊन निघालं होतं. शेवटी लाज सोडून यंत्रालाच विचारलं, रीत समजावून सांगितली, हे प्रेमाचंच आहे असंही लिहिलं. त्यानं आधी मला या परंपरेबद्दल चार परिच्छेद माहिती दिली आणि मग सुचवलं, 'अगं आळशी भोपळ्या'. हे मी नाल्यावर उच्चारलं असतं तर पलीकडच्या बायांनी मला पाणी पाजून घरी पोचवलं असतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी धुळ्याच्या एसटी स्टँडवर गेले. शिंदखेड्याच्या कंडक्टरला विचारलं, काही डबा आहे का? नव्हता. मग तिथेच फलाटाच्या खांबाला टेकून मी अक्काला फोन लावला. तिनं उचलला. आणि अक्काच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा मी स्वच्छ, शुद्ध मराठी ऐकली.

"नमस्कार. मी तुम्हाला काय मदत करू शकते?"

मी म्हटलं, अक्का, मी बोलतेय. ती म्हणाली, आपल्या भावना मी समजू शकते. मी म्हटलं, अक्का, पुरे. ती म्हणाली, आपण शांतपणे बोलू या. तिनं तो मेसेज तोंडपाठ केला होता. मी विनवलं, समजावलं, माफी मागितली, आणि दर वेळी पलीकडून तसलंच एक गुळगुळीत वाक्य आलं. यंत्राशी बोलताना माणसाचं डोकं कसं फिरतं ते मला त्या पाच मिनिटांत कळलं. मग माझं डोकं खरंच फिरलं.

मी तिला शिवी दिली. पहिली फुसकी निघाली, तुझं वाटोळं होवो, अशी काहीतरी. शेजारी शिरपूरच्या गाडीची वाट पाहत एक अनोळखी बाई गाठोड्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून हळूच म्हणाली, "अशी नही वं बाई. तिनी सासूले बी ले."

मी सासूला घेतलं.

"तुनी सासू तुन्या मानगुटवर बसो, नि तुनं तोंड खापरवर पुरनपोईसारखं भाजाई जावो!"

सासू वारून आठ वर्षं झाली होती, पण शिवी बसली. नंतर मला थांबता येईना. तिच्या वेणीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत, तिच्या म्हशीपासून तिच्या मोबाईलपर्यंत मी काही म्हणून सोडलं नाही. फलाटावर आमच्या कॉलेजचे दोन विद्यार्थी उभे होते. त्यातल्या एकानं आधी नमस्कार केला आणि मग दुसऱ्याला घेऊन शेजारच्या फलाटावर गेला. गाठोड्यावरची बाई मान डोलावत होती.

मी दम घ्यायला थांबले, तसा अक्काचा बांध फुटला. तिनं जे दिलं ते मी इथे लिहू शकत नाही, आणि माझं त्यापुढे काहीच नव्हतं. माझी नोकरी, माझा चष्मा, माझ्या पदव्या, सगळं नाल्यात बुडवून ती शेवटी म्हणाली, "हां. आते तू शे."

मी डोळे पुसले आणि हसत विचारलं, अक्का, खरं सांग, ते मी नाही हे तुला केव्हा कळलं? मला वाटलं, ती त्या शिवीच्या मेसेजचं नाव घेईल.

ती म्हणाली, "पहिल्याच दिनले."

मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. मागे तिच्या अंगणात कोणीतरी भांडी घासत होतं.

"तू उत्तर देस वं. इचारत नही. ते इचारे," ती म्हणाली. "कोनीतरी इचारी ऱ्हायनं व्हतं. माले वाटनं, चाली ऱ्हायनं तं चालू दे."

शिंदखेड्याची गाडी लागली होती. माझ्याकडे पिशवी नव्हती, साडी नव्हती, तपासायच्या उत्तरपत्रिका घरी टेबलावर पडल्या होत्या. मी तशीच चढले, खिडकीजवळ बसले आणि फोन कानाला धरून अक्काला विचारलं, आज दिवसभर काय केलंस ते सांग. ती पहाटे उठल्यापासून सांगायला लागली. सोनगीर आलं तेव्हा ती जेमतेम सकाळच्या चहापर्यंत पोचली होती.