रामटेकेसाहेब आणि आमचा सामायिक फोल्डर

कानात अजून तो गलका आहे. लहानपणी आमच्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसत, मधे पत्र्याचा आडोसा. आडोशाच्या अलीकडे आम्ही एक कविता म्हणायचो, पलीकडचे वेगळीच. दोन्ही चाली एकमेकींत घुसायच्या आणि कुणाचंच धड कळायचं नाही. आठ वर्षांपूर्वी श्री. प्रल्हादराव रामटेके गाझियाबादच्या आमच्या मराठी वाचनालयात प्रथम आले, तेव्हा तिथले संगणक दाखवून मी त्यांना हेच सांगितलं. खाली ग्रंथपालाच्या टेबलावर माझ्यापुढे विंडोजचं जुनं यंत्र, कपाटाशेजारी देणगीत मिळालेला लिनक्सचा सर्व्हर, वर अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेच्या मुलींचे नाना तऱ्हेचे लॅपटॉप, त्यात एक मॅक. एकाची फाईल दुसऱ्याला दिसेना. साहेब हसून म्हणाले, "गुरुजी, आडोसा राहू द्या. आपण त्याला खिडकी पाडू."

भंडारा जिल्ह्यातून नोकरीसाठी दिल्लीत आलेले, सरकारी कार्यालयातले संगणक सांभाळणारे साहेब मग तीन रविवार आमच्या फरशीवर मांडी घालून बसले. सर्व्हरवर एकच फोल्डर, तो सगळ्या यंत्रांवर दिसायचा. त्यांची एक रीत होती. जोडणी झाली की मला कवितेची एक ओळ टाईप करायला लावत, जिना चढून वर जात आणि तिथल्या लॅपटॉपवरून ती मोठ्याने वाचत. फाईलच्या मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली की पुन्हा खाली. ओळ खणखणीत ऐकू आली तरच चहा.

एवढं लिहून मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. पुढचं गौरवलेखात लिहावं की नाही, सकाळपासून ठरत नाही. पण साहेबांना साठ पूर्ण होताहेत. आता नाही तर कधी?

सहा वर्षांपूर्वी मी तो फोल्डर माझाच समजलो. माझ्या यंत्रावर दिसतो, म्हणजे माझा. अनोळखी नावांच्या फायली कशाला अडगळ, म्हणून पुसून टाकल्या. त्या होत्या सर्व्हरवर, आणि होत्या मुक्ताच्या. वरच्या अभ्यासिकेतली, हिंगोलीची ही मुलगी, मुख्य परीक्षा नऊ दिवसांवर. साहेब कार्यालयातून तडक आले. रविवारी काढून ठेवलेल्या राखीव प्रतीतून बरंचसं परत आणलं, पण नंतरच्या चार दिवसांचे निबंध गेले ते गेलेच. कुणाच्या यंत्रावरून पुसलं गेलं, हे त्यांना सर्व्हरच्या नोंदींत दिसलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ते तिला म्हणाले, "पुसायची परवानगी मी सगळ्यांना देऊन ठेवली होती, बेटा. चूक माझी."

"सगळं बिल्कुल तुमच्या भरवशावर ठेवलं होतं, सर," एवढंच ती बोलली.

त्या वर्षी तिचं हुकलं. पुढच्या वर्षी ती अधिकारी झाली; आता दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत राहते, आणि अभ्यासिकेतल्या मुलींना अजून फोनवरून मार्गदर्शन करते. पेढे साऱ्या वाचनालयाला आले, साहेबांना मात्र तिने साधा फोनही केला नाही. तिला खरं सांगून टाकतो, असं मी एकदा म्हणालो, तर साहेबांनी अडवलं. मुली तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात, ते बंद होईल. मी काय, रविवारचा माणूस, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. पुढे त्यांनी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. माझ्या यंत्राला फाईल ठेवायची मुभा राहिली, पुसायची काढून घेतली, आणि कारण कुणालाच सांगितलं नाही.

दुपारी इथवरचा मजकूर मी सवयीने त्याच फोल्डरमध्ये ठेवला. भानावर येऊन पुसायला गेलो, तर पुसला जाईना. साहेबांना फोन करून विचारावं, तर काय सांगून? तेव्हापासून वरच्या अभ्यासिकेत कुजबुज आहे, आणि चहाला खाली कुणी आलेलं नाही. मी खिडकीशी जातो, परत येतो.

आता माघार नाही, तेव्हा लेख पुरा करतो. साहेबांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आणि डोळे धड राहोत. आमच्यासारख्यांच्या चुका अंगावर घेण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा न येवो, आणि दुरावलेली माणसं

दार वाजलं म्हणून वाक्य अर्धंच राहिलं. कार्यालयाचं ओळखपत्र अजून गळ्यात, धापा टाकत मुक्ता उभी होती. हातातल्या फोनवर माझाच लेख. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "सर अजून त्याच घरी राहतात ना, गुरुजी? चला. रिक्षा थांबवून ठेवलीय."