घामेजलेली कमळं

मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून आत्या अकरा वर्षं साबणाची फुलं रंगवत आली होती. भावजय साबणाच्या वड्या वितळवून साच्यात ओतायची, वर आलेले बुडबुडे स्पिरिटच्या फवाऱ्याने मारायची, की तिचं काम संपलं. साच्यातून निघालेलं फूल उकडलेल्या बटाट्यासारखं पांढरंफटक दिसे. त्यात जीव आत्या ओतायची. पाकळीच्या बुडाशी गडद गुलाबी, तो बोटाने वर ओढत फिका करायचा, मग कडेला सोनेरी चमकीची केसाएवढी रेघ. चमकी तिच्या नखांतून कधी निघतच नसे, म्हणून दुकानदार तिला ‘सोनबोटी’ म्हणत. लग्न झालं नव्हतं. भावाच्या घरी राहायची, आणि राहायची म्हणजे खाली मान घालून.

एकदा प्रदर्शनात एका बाईंनी गुलाब हातात घेऊन विचारलं, “रंगवतं कोण हो?”

“मीच,” भावजय म्हणाली.

“आणि या कोण?”

“या होय? वरकामाला असतात.”

आत्या खोकं धरून शेजारीच उभी होती. भावाने ऐकलं आणि तो चिकटपट्टीचं टोक शोधायला लागला.

त्याच आठवड्यात, पोर क्लासला गेलेली असताना, भावजयीने जेवता जेवता विषय काढला. “ताई, पोरीला सगळं शिकवून टाका आता. कमळांची ऑर्डर झाली की तुम्ही माझ्या मावशीकडे जा. ती अंथरुणाला खिळलीये, करायला कुणी नाही. तुमचीही सोय, तिचीही.”

“किती दिवस?”

“मावशी आहे तोवर. पुढचं पुढे. थंडी फार असते तिकडे, गरम कपडे घ्या.”

आत्याने भावाकडे पाहिलं. त्याने पाणी मागितलं.

पोर म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. रंगात मिसळायच्या स्पिरिटने आत्याच्या बोटांना चिरा पडत, तेव्हा क्रीम चोळून देणारी घरात ती एकटीच. हाताला वळणही होतं तिच्या. पंधरा दिवसांत तिची रेघ आत्याइतकी बारीक यायला लागली. आत्या तोंडाने “वा!” म्हणायची आणि ते फूल खोक्यात अगदी तळाशी ठेवायची.

मग त्या कमळांच्या ऑर्डरची वेळ आली, एका हॉटेलच्या उद्घाटनासाठी तीनशे. भावजयीने फर्मान काढलं, या खेपेला सगळं पोरच करील. दुपारी पोरीने मागे वळून विचारलं, “आत्या, साचे फ्रीजमध्ये ठेवू का गं? लवकर घट्ट होतील.”

आत्याला पक्कं ठाऊक होतं. हा ग्लिसरीनचा साबण. गार करून बाहेर काढला की हवेतली ओल ओढून घेतो, त्याला घाम फुटतो, आणि घामावर रंग ठरत नाही. तिने हातातला ब्रश धुतला, झटकला.

“ठेव की,” ती म्हणाली. “काही होत नाही.”

पोर फडक्याने टिपून टिपून संध्याकाळपर्यंत रंगवत राहिली. सकाळी खोकी उघडली तर गुलाबी रंग ओघळून बुडाशी साचलेला आणि चमकीचा नुसता चिखल. तीनशे कमळं रडून आल्यासारखी.

भावजयीने पोरीच्या दोन थोबाडीत दिल्या. “कुणी सांगितलं तुला फ्रीजमध्ये ठेवायला?”

पोरीने आत्याकडे पाहिलं. आत्या खाली पडलेला कागद उचलायला वाकली.

“कुणी नाही,” पोर म्हणाली. “मीच ठेवले.”

हॉटेलवाल्याने दोन दिवस वाढवून दिले आणि ऑर्डर आत्याने सावरली. पाठ न टेकता तिने नवी तीनशे रंगवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा भावजयीने चहा स्वतः आणून तिच्या हातात दिला.

“ताई, तुम्ही कुठ्ठे जायचं नाही. तुमच्यावाचून इथं पान हलत नाही.”

“आणि मावशी?”

“ही जाईल. सहा महिने राहील, अक्कल ठिकाणावर येईल.”

आत्या एवढंच म्हणाली, “तिचं कॉलेज?” भावजय नव्या फुलांची खोकी मोजायला लागली, आणि आत्याने पुन्हा विचारलं नाही. पोरीची बॅग तिनेच भरून दिली.

सहा महिने म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. मग पोर दोन दिवसांसाठी आली. गाल बसलेले, केस आखूड कापलेले. ती मागच्या खोलीत येऊन बसली तेव्हा आत्याचा ब्रश थांबला.

“तुला एक सांगायचंय गं—”

“साबणाच्या पुड्यावर छापलेलं असतं, आत्या. फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणून. कमळं बिघडली त्याच रात्री मी वाचलं.”

“मग आईला का नाही सांगितलंस?”

“आधी तुला विचारणार होते. वाटलं, विसरली असशील. तर बॅग भरताना तू म्हणालीस, स्वेटर घे, तिकडे फार थंडी असते.” पोर शांतपणे बोलत होती. “मला कुणीच सांगितलं नव्हतं थंडीचं. तेव्हा कळलं, आधी कुणी जायचं होतं ते.”

आत्या नखांतली चमकी खरवडत राहिली.

“तू गेली असतीस तर बरं झालं असतं,” पोर म्हणाली. “ती आजी दिवसभर शिव्या देते. तुला सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी निघताना आत्याने दारात तिचा हात धरला. खरखरीत, फिनाइलचा वास येणारा हात. पोरीने तो हळूच सोडवून घेतला.

“बस चुकेल, आत्या.”

आतून भावजयीची हाक आली, “ताई, गुलाब सुटले साच्यातून, चला!” पोर वळणाआड होईपर्यंतही न थांबता आत्या आत गेली.