देवाचा उजवा आणि बबनचा उजवा

टेम्पो रामवाडीच्या आमच्या कारखान्यापुढे उभा होता. माल रोह्याला, अष्टमी गावातल्या दुकानात जायचा होता. शाडूच्या गणपतींची खोकी गवत भरून, चिकटपट्टी लावून बंद झाली होती. सहज एक खोकं उघडलं. वर चिठ्ठी ‘उजवी सोंड’, आत डाव्या सोंडेचा गणपती. दुसरं उघडलं. तेही उलटंच.

उजव्या सोंडेचा देव कडक मानतात. घरात सहसा कोणी बसवत नाही. आमच्याकडे देवळांसाठी थोडे होतात, तेवढेच. दुकानदाराने फोनवर बजावलं होतं, “काकी, एक जरी उजवा चुकून कोणाच्या घरी गेला, तर पुढल्या वर्षी माल दुसरीकडून.” एवढं मोठं गिऱ्हाईक आम्हाला दुसरं नाही.

रंगारी बबनला विचारलं, “सोंड कुठून बघितलीस?”

“समोर उभा राहून.”

“अरे, देवाचा उजवा हात तो उजवा. तुझा नाय!”

“मग काय देवाच्या पाठीमागं जाऊन बसू?”

बबनने सांगितलं तसं माझी सून प्राजक्ता टाइप करत गेली होती. ती एका कंपनीचं काम घरून करते. आमच्या चिठ्ठ्या तिच्या पायथनच्या प्रोग्राममधून निघतात. एका खोक्याला एक अक्षर. डावीला ड, उजवीला उ. खोक्यांच्या क्रमाने अक्षरांची एक लांब ओळ. तिला स्ट्रिंग म्हणतात.

“सोपं आहे, आई. सगळ्या ड चे उ करते, मग उ चे ड.”

नव्या चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यांवर डावी.

“देवळाचे गणपती कुठे गेले गो?”

तिने कपाळाला हात लावला. “आधी सगळे ड उ झाले. मग त्या सगळ्याच उ चे ड. मूळचा कुठला, कळायचा कसा?”

“म्हणजे सगळी खोकी फोडायची? सोंडा राहतील का जागेवर?”

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“थांबा, जुनी ओळ आहे,” ती म्हणाली. पायथनमध्ये एकदा केलेली स्ट्रिंग बदलत नाही. बदल सांगितला की ते नवी ओळ करून देतं. तिने नव्या ओळीला वेगळं नाव दिलं होतं, म्हणून जुनी जशीच्या तशी शाबूत होती. मी स्टुलावर बसले.

या वेळी तिने ड चा आधी ओळीत कुठेच नसलेला म केला. मग उ चा ड. शेवटी म चा उ. पुन्हा चिठ्ठ्या काढल्या. देवळाची म्हणून निघालेली दोन खोकी उघडून पाहिली. जुळली. जुन्या चिठ्ठ्यांवर नव्या चिकटवल्या आणि टेम्पो सोडला.

दुपारी दुकानदाराचा फोन आला. “काकी, सगळी उघडली. बरोबर हायत.”

“मग पुढल्या वर्षीचं?”

“तुमच्याकडूनच गो! हे गणपती तरी बसू देत.”

त्या दिवशी मी पोटभर जेवले. दोघांच्या जागा बदलायच्या तर एकाला आधी तिसरीकडे बसवावं लागतं, एवढं मला कळलं. बबनला आता मी मूर्तीशेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून उभा करते. लाजतो, पण उभा राहतो.